एका शनिवारचे तीस दिवस

तेरावा शर्ट घालून नरळे गुरुजी वर्गातून बाहेर आले तेव्हा त्यांची बटणं वरखाली लागली होती आणि मी उन्हानं नि भुकेनं पार वैतागले होते.

“गुरुजी, बटणं,” मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घालून बघितलं. एक बटण काढलं आणि दुसऱ्यापाशी हात थांबला. “असाच काढा की बाई. लांबून काय कळतंय.”

“बोडरे साहेब फोटो मोठा करून बघतात.”

मार्च महिना होता. शनिवारची अर्धी शाळा सुटून पोरं घरी गेली होती. लेंगरेवस्तीच्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेमागं, लिंबाच्या सावलीत, आम्ही दोघं शिक्षक एका दुपारात महिनाभराचा व्यायाम उरकत होतो. गुरुजींनी सतरा शर्ट आणले होते. माझ्या पिशवीत सहा साड्या, दोन पंजाबी ड्रेस आणि माझ्या मुलीचा एक ट्रॅकसूट होता, ज्यात मला श्वास घेता येत नव्हता. पाटीवर खडूनं दिवसाचा आकडा लिहायचा, पाटी पायाशी ठेवायची, हात वर करून उभं राहायचं, फोटो. गुरुजी आत जाऊन शर्ट बदलून येईपर्यंत मी पाटी पुसून पुढचा आकडा घालायची. मग त्यांनी माझा काढायचा. लिंबाखालची जागा धरली होती, कारण उघड्यावर उभं राहिलं तर दुपारची आखूड सावली पायाशी पडते आणि फोटो सकाळी सातचा नाही हे शेंबडं पोरही सांगेल. एवढी अक्कल आम्ही लावली होती.

हे सगळं कशासाठी, तर आमचा तणाव जावा म्हणून.

त्या वर्षी तालुक्यात ‘तणावमुक्त शिक्षक’ अशी मोहीम निघाली होती. कुठल्याशा बैठकीत कुणाच्या तरी डोक्यातून निघाली आणि कागद आमच्यापर्यंत आला. प्रत्येक शिक्षकानं तीस दिवस, सकाळी सात ते साडेसात, शाळेच्या आवारात व्यायाम करायचा आणि आठच्या आत फोटो ॲपवर टाकायचा. रविवारीसुद्धा. फोटो आला नाही तर लेखी खुलासा. म्हणजे तणाव गेला नाही तर नोटीस, असा तो प्रकार. आमच्या वस्तीवर फोनला रेंज नव्हती. मी तालुक्याच्या गावी राहायची आणि पहिलं वडाप, म्हणजे शिटावर चालणारी जीप, मला साडेनऊला वस्तीवर सोडायचं. सातला यायचं कसं आणि आठला फोटो पाठवायचा कुठून? बैठकीत मी उभी राहून विचारलं होतं. बोडरे साहेब आमचे केंद्रप्रमुख, बारा शाळा त्यांच्या हाताखाली. ते नजर चुकवून म्हणाले, “तुपे मॅडम, सगळेजण कसं करतायत ते विचारा की जरा.” विचारलं. सगळे एकाच दिवशी तीस फोटो काढून ठेवत होते आणि रोज एक सोडत होते. पळसाला पानं तीनच. मग आम्हीही शनिवार ठरवला.

तेराव्या दिवसासाठी दोरीच्या उड्या ठरल्या होत्या. पोरींची दोरी मी आधीच काढून ठेवली होती. गुरुजींनी ती घेतली, एक उडी मारली, पण मला फोटोत पाय जमिनीवरून सुटलेले हवे होते. दुसरी मारली. तिसरी, चौथी. चौथीनंतर दोरी पायाशी टाकून ते लिंबाच्या मुळावर बसले आणि छातीच्या मधोमध पंजा ठेवला.

“काय झालं?”

“काय नाही. जरा भरून आलं.”

मी पाण्याची बाटली दिली. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण घाम माझ्याही कपाळावर होता. पावणेबारा वाजले होते, अठरा फोटो राहिले होते, आणि दीडचं वडाप चुकलं असतं तर मला चारपर्यंत फाट्यावर बसावं लागलं असतं. मी म्हणाले, “एकच उडी नीट मारा गुरुजी. पुढचे सगळे मग बसून प्राणायामाचेच घेऊ.”

ते उठले. उडी मारली, आणि वर हसलेसुद्धा. तो फोटो झकास आला. दोन्ही पाय हवेत, दोरी डोक्यावर, चेहरा आनंदी. मी त्यांना तो दाखवला आणि आम्ही दोघंही हसलो. आज मला त्या हसण्याची लाज वाटते.

लाज वाटायला आणखी एक कारण आहे. त्याच्या चार महिने आधी पोपट नरळे एका प्रशिक्षणात खुर्चीवरून उठताना भोवळ येऊन पडले होते. वय सत्तेचाळीस. ब्लडप्रेशर वाढलेलं, साखर काठावर, आणि डॉक्टरांनी हृदयाचं नाव घेऊन सांगितलं होतं की असंच चाललं तर पुढच्या वेळी माणूस पडेल तो उठणार नाही. ताण कमी करा, झोप पुरी घ्या, रोज अर्धा तास व्यायाम करा, अशा तीन गोष्टी लिहून दिल्या. पहिल्या दोन कुणाच्या हातात नव्हत्या, म्हणून त्यांच्या बायकोनं, सिंधूनं, तिसरी धरली. मीठ, लोणचं आणि तंबाखू तिनं घरातून हद्दपार केलं आणि मला फोन केला.

“बाई, माझं काय ते ऐकत न्हाईत. तुम्ही मोठ्या हाय, तुमचं ऐकत्यात. तेवढा व्यायाम त्यांच्याकडनं करून घ्या. दोन पोरी लग्नाच्या हायेत माझ्या.”

मी तिला म्हणाले होते, “तू निर्धास्त राहा सिंधू. ते माझ्याकडे लागलं.”

तर माझ्याकडे लागलेलं काम मी हे असं केलं.

फोटो रोज सकाळी मी घरून पाठवायची, दोघांचेही. ॲपवर एक आणि केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक. त्या ग्रुपवर बारा शाळांतले छप्पन्न शिक्षक सकाळी सातला आपापल्या आवारात ताजेतवाने उभे असायचे आणि बोडरे साहेब प्रत्येकाला अंगठा द्यायचे. माझ्या मनाला काही लागत नव्हतं. खिचडीची रोजची माहिती, मतदारयाद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, संडासांची मोजदाद, पोरांची आधारकार्डं, यांत हा एक कागदी घोडा आणखी. तेवीस वर्षं मी असले घोडे नाचवत होते.

मला कळलं नव्हतं ते एवढंच की गुरुजींच्या गावी रेंज होती आणि घरी त्यांचा फोन संध्याकाळी सिंधूच्या हातात असतो. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. आवाज असा की जणू मुलीचं लग्न ठरलंय. “बाई, तुमचे उपकार लई झाले. किती छान हात वर केल्यात त्यांनी. माझ्या भावाला पाठवला मी फोटो. तो म्हणला, दाजी दहा वर्षांनी लहान झाले.” मी हूं हूं केलं. दुसरं काय करणार होते? एकदा तोंड उघडायची वेळ निघून गेली की रोज ते जास्त जड होत जातं.

आणि लगेच मला दुसरी गोष्टही कळली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी साडेनऊला वडापातून उतरले तर शाळेचं दार नुसतं लोटलेलं. गुरुजींची मोटरसायकल बाहेर. आत गेले, तर पहिली-दुसरीच्या वर्गात सतरंजीवर गुरुजी झोपलेले. दप्तर डोक्याखाली, तोंड उघडं, बूट पायात. असा माणूस मी यापूर्वी बघितला नव्हता. त्यांच्या घरी लकवा झालेले वडील होते, ते रात्रभर हाका मारायचे, आणि बायकोनं उठू नये म्हणून गुरुजीच उठायचे. वडील शांत झाले की मोबाईल घेऊन बसायचे, कारण सरकारी साईट दिवसा उघडायची नाही. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि तो माणूस असा जमिनीवर पडलेला बघणं वेगळं. मला आधी भीतीच वाटली. जवळ जाऊन श्वास बघितला, मग पाय न वाजवता बाहेर आले. पोरं आली त्यांना लिंबाखाली बसवून पाढे म्हणायला लावले, तेही हळू.

दहाला ते उठून बाहेर आले. गालावर सतरंजीचे वळ. म्हणाले, “सॉरी बाई. डोळा लागला.”

“किती वाजता आलात?”

“सव्वासहा.” मग गालावरून हात फिरवत म्हणाले, “घरी सांगितलंय, व्यायामाला जातो. तुम्ही सिंधूला बोलू नका. फोटो बघितल्यापासून ती गाढ झोपते. मला तेवढं तरी बघायला मिळतंय.”

मी म्हणाले, “मी कशाला बोलू? झोपा तुम्ही.” आणि खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तीन तास झोप त्या माणसाच्या पदरात पडत होती. मी पोरांना शिकवून ठेवलं की सर उठेपर्यंत घंटा द्यायची नाही. आमच्या शाळेला महिनाभर घंटा नव्हती. पोरांनी कधी विचारलं नाही, उलट आपापसात दटावायची, हळू बोल, सर झोपलेत. असा आमचा तणावमुक्तीचा कार्यक्रम चालला होता, आणि मला वाटत होतं, चला, कागदातून का होईना, कुणाचं तरी भलं होतंय.

बाविसाव्या दिवशी, बुधवारी, पोरांची खिचडी वाढून झाल्यावर गुरुजी म्हणाले की पोटाच्या वर जड वाटतंय, पित्त झालंय. चेहरा पांढरा पडलेला. शर्ट पाठीला चिकटलेला. मी विचारलं छातीत दुखतंय का, तर म्हणाले, दुखत नाही, नुसतं कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. वस्तीवरच्या एकाची जीप होती. पोरांना खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या हवाली केलं आणि गुरुजींना जीपमध्ये घालून चौदा किलोमीटर तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. टेकडीवर रेंज आली तिथून सिंधूला फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा ती दिराच्या गाडीवरून आमच्या आधीच येऊन दारात उभी होती. पायात चप्पल नव्हती.

डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. दोनदा बघितली. म्हणाले, पट्टीत तसं ठळक काही दिसत नाहीये. मग खुर्ची पलंगाजवळ ओढून विचारायला लागले. जेवण काय केलं, कधी केलं, तंबाखू आहे का, घरात कुणाला त्रास होता का. आणि शेवटी, “चढ चढताना, जोरात चालताना छातीत भरून येतं का? व्यायाम वगैरे करता?”

“करतो,” गुरुजी म्हणाले.

मला वाटलं एवढ्यावर निभेल. पण सिंधूनं गुरुजींच्या खिशातून त्यांचा मोबाईल काढला. ती काही दाखवणारी, पुढं पुढं करणारी बाई नाही. डॉक्टरांना एक शब्द बोलताना चाचरत होती. पण हे तिला पक्कं माहीत होतं, हे तिचं स्वतःचं होतं. “रोज करत्यात साहेब. एक दिवस चुकवला न्हाई. ह्ये बघा, आजचा. ह्यो कालचा.” तिनं बोटानं फोटो मागं मागं नेले आणि एकावर थांबली. “दोरीवरच्या उड्यासुद्धा मारत्यात.”

डॉक्टरांनी मोबाईल हातात घेतला. तो फोटो बघितला. आणखी पाच-सहा बघितले, खालच्या तारखा बघितल्या. त्यांचा चेहरा सैल झाला. “अर्धा तास रोज? उड्या मारताना काही होत नाही ना? दम, घाम, छातीत दाब?”

गुरुजींनी मान हलवली. नाही.

“मग चांगलं आहे. रोज एवढी मेहनत करणाऱ्या माणसाला हृदयाचा त्रास असता तर आधी उड्या मारतानाच कळला असता. पित्तच दिसतंय. इंजेक्शन देतो, तासभर पडून राहा, बरं वाटलं की घरी जा. उद्या परवा सवडीनं एकदा दाखवून जा.”

सिंधूनं दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले कोण जाणे, डॉक्टरांना की देवाला.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, नको. मला ते अगदी स्पष्ट समजलं. इतकी वर्षं एका शाळेत काढल्यावर बोलायची गरज पडत नाही. नको म्हणजे, तिच्यासमोर नको. आणि मी खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या डोक्यात तिचा विचार नंतर आला. आधी आला तो माझा. मी मुख्याध्यापिका. खोटे फोटो माझ्या फोनवरून गेलेले. हे एकदा तोंडाबाहेर पडलं की छप्पन्न शिक्षकांच्या मोहिमेचं बिंग फुटणार आणि पहिला बडगा माझ्यावर. निवृत्तीला चार वर्षं होती. मनात म्हटलं, पित्तच असेल. डॉक्टर शिकलेला माणूस आहे, त्यानं पट्टी बघितलीय. तासभर तर इथंच आहेत.

नर्स इंजेक्शन भरायला गेली. डॉक्टर उठले, दारापर्यंत गेले. बाहेर बाकावर वीस-पंचवीस माणसं त्यांची वाट बघत होती.

“डॉक्टर,” मी म्हणाले.

ते वळले.

“ते फोटो खरे नाहीत.”

“म्हणजे?”

“सगळे एका दिवशी काढलेत. शर्ट बदलून बदलून. मीच काढलेत.” माझा आवाज मलाच परका वाटत होता. “यांनी एक दिवसही व्यायाम केलेला नाही. त्या दिवशी दोरीच्या चार उड्यांत छाती धरून खाली बसले होते. भरून आलं म्हणाले. घाम आला होता. मी फोटोसाठी परत उठवलं.”

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. सिंधूकडे बघायची माझी छाती झाली नाही.

डॉक्टर मला एक शब्द टाकून बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. ते परत खुर्चीवर बसले आणि गुरुजींना म्हणाले, “आता खरं सांगा.” गुरुजींनी सांगितलं. पायऱ्या चढताना थांबावं लागतं, बरेच दिवस. रात्री वडिलांना उचलून कुशीवर करताना दाब येतो. पेरणीपासून येतो. डॉक्टरांनी जिभेखाली गोळी दिली, वीस मिनिटांनी पट्टी पुन्हा काढली, आणि ती हातात घेऊनच फोनकडे गेले. पहिल्या पट्टीत नव्हतं ते दुसऱ्यात आलं होतं. घरी पाठवलं असतं तर भावाच्या गाडीवरून घरी जाताना गुरुजी कितव्या किलोमीटरला राहिले असते ते मी अजून मोजत नाही.

ॲम्ब्युलन्सनं साताऱ्याला नेलं. मीही बसले. सिंधू पूर्ण रस्ता नवऱ्याचा पाय धरून बसली होती आणि माझ्याशी बोलली नाही. मी एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही आणि तिला तो आहे असंही वाटलं नसावं. रक्तवाहिनीत दोन ठिकाणी अडथळा होता. संध्याकाळपर्यंत दोन्हींत स्प्रिंगा बसवल्या. नरळे गुरुजी वाचले. आजही आहेत. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझा फोन वाजला. बोडरे साहेबांकडून कुणीतरी लेखनिक, तेविसाव्या दिवसाचा फोटो आला नाही म्हणून विचारत होता. मी त्याला काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. फोन ठेवला आणि वर गेले. सिंधू गुरुजींच्या खोलीबाहेर जमिनीवर बसली होती, बाक मोकळा असून. दार किलकिलं होतं. आत ते झोपले होते, नळ्यांसकट, मान एका बाजूला करून.

मी तिच्याजवळ बसले. माफी मागायची म्हणून रात्रभर वाक्यं जुळवली होती. ती सगळी तोंडातच राहिली, कारण तिनंच विचारलं, “बाई, मग ते रोज पहाटे कुठं जायचे?”

“शाळेत.”

“शाळेत जाऊन काय करायचे?”

मला वाटतं तिच्या मनात दुसरी बाई आली असेल, नाहीतर दारू. महिनाभर रोज तीन तास खोटं बोलून बाहेर जाणाऱ्या नवऱ्याबद्दल दुसरं काय मनात येणार? तिनं ते विचारायला रात्रभर धीर गोळा केला होता.

“झोपायचे,” मी म्हणाले. “वर्गात, सतरंजीवर. मी येईपर्यंत. कधी कधी दहापर्यंत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला कळलं नाही. मग तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, यापेक्षा दुसरं काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

“पाचला उठवायची मी त्यांना,” ती म्हणाली. “रोज. उठायचे न्हाईत. पाच मिनिटं म्हणायचे. मी गोधडी वढून काढायची अंगावरची. एकदा तोंडावर पाणी मारलं मी बाई. म्हणलं, पोरींकडं बघा जरा, आळस करू नका.”

मी दाराच्या फटीतून आत बघितलं.

“हक्काचं घर सोडून तिकडं जाऊन जमिनीवर झोपायचे.” तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज बदलला नाही. “मला सांगायचं की. झोपू दिलं असतं मी. मला काय व्यायामच पाहिजे होता व्हय? मला माणूस पाहिजे होता.”

“चुकलं सिंधू,” मी म्हणाले. “माझं चुकलं. मला तू विश्वासानं सांगितलं होतंस.”

तिनं मान हलवली. माफ केलं म्हणून हलवली की नुसतीच, ते मला आजतागायत माहीत नाही. पुढं आमचं बोलणं झालं, येणंजाणं झालं, तिच्या दोन्ही पोरींच्या लग्नाला मी पहिल्या रांगेत होते. पण तो विषय तिनं कधी काढला नाही आणि मीही नाही.

साडेदहाच्या सुमाराला बोडरे साहेब आले. वाईट माणूस नव्हता. दोन एसट्या बदलून, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन, चालत जिना चढून आले होते. त्यांचंही वय झालेलं, त्यांनाही धाप लागली होती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी कठडा धरला, मग आमच्याकडे आले. सिंधूला दोन शब्द धीराचे बोलले. मग पिशवीतून एक कागद काढला. गुरुजींच्या वैद्यकीय रजेचा अर्ज होता, त्यांनी स्वतः लिहून आणलेला, फक्त खाली सही राहिली होती. ती आजच्या आज लागली नसती तर कालपासून गैरहजेरी पडली असती, आणि ती निस्तरायला सहा महिने गेले असते. हे मला माहीत होतं. माणूस चांगल्या मनानंच आला होता.

“वहिनी, एकच मिनिट,” ते म्हणाले आणि दाराकडे वळले. “एक सही घेतो आणि जातो.”

सिंधू उठली. पदर खोचला. साहेबांच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभी राहिली. नवऱ्याच्या साहेबासमोर मान वर करून उभी राहिलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

“झोपल्यात ते,” ती म्हणाली.

“हो, पण एकच सही—”

“झोपल्यात म्हणलं ना साहेब. उठवायचं न्हाई.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुख्याध्यापिका, मला रजेचे नियम कळतात, मी तिला समजावीन असं त्यांना वाटलं असणार. मी त्यांच्या हातातून अर्ज घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि सिंधूनं ओढून घेतलेल्या दारापाशी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

“बसा साहेब,” मी म्हणाले. “उठतील तेव्हा उठतील.”

ते बाकावर बसले. मोसंबी मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं त्यांचीही मान पुढं झुकली आणि आम्ही दोघींनी त्यांनाही उठवलं नाही.